आज्ञार्थ शिकवायचा राहून जातो

गेल्या वर्षी पावसाळ्यात द्वितीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, यातलं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून देता का?"

मराठीच्या अध्यापकाला ही विनंती रोजचीच. वही उघडली तेव्हा मात्र मी चमकले. आत मराठी मजकूर नव्हताच. विमान सुटण्यापूर्वी प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या इंग्रजी सूचना तिने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या. सीट बेल्ट, लाईफ व्हेस्ट, ऑक्सिजन मास्क, इमर्जन्सी एक्झिट. जिथे आवाज चढवायचा त्या अक्षराखाली लाल रेघ, आणि जिथे हसायचे तिथे समासात एक लहानसा हसरा चेहरा.

मुलगी असल्फ्याची. घाटकोपरहून अंधेरीकडे जाणाऱ्या मेट्रोतून डोंगरउतारावरची जी दाटीवाटीची वस्ती दिसते, तिथली. त्या वस्तीवरून विमाने उतरतात ती इतकी खाली की त्यांची चाके मोजता यावीत. सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी अंधेरीला केबिन क्रू प्रशिक्षणाचा वर्ग, असा तिचा दिनक्रम. त्या वर्गातल्या प्रशिक्षकांनी ही वही पाहिली आणि सर्वांसमोर सांगितले, "आधी डोक्यातली मराठी काढून टाका, मग इंग्रजी येईल." मुलगी रडली नाही. तिने एवढाच अर्थ घेतला की आपले ऱ्हस्व-दीर्घ चुकले असावे. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

तिच्या वहीच्या निमित्ताने एक मुद्दा मांडावासा वाटतो. विमानात सेवा देणाऱ्या मुलामुलींना आपल्या उपनगरांत कामाचे इंग्रजी म्हणून जे शिकवले जाते, ते बहुतांशी विनवणीचे इंग्रजी असते. हुकूम देण्याचे, नकार देण्याचे आणि हक्क विचारण्याचे इंग्रजी त्यात जवळजवळ नसते. वास्तविक या पेशाचा गाभा तिथेच आहे. आणि ते शिकवायचे तर मराठी डोक्यातून काढून चालणार नाही, तिचाच आधार घ्यावा लागेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हापासून विमान हा या उपनगरांचा शेजारी आहे. पण विलेपार्ले, मरोळ, चकाला या परिसरातल्या सामान्य घरांना विमान हे नोकरीचे दार वाटू लागले ते १९९० नंतर, खासगी कंपन्यांना आकाश मोकळे झाल्यावर. ईस्ट वेस्ट, दमानिया, १९९३ साली जेट, २००३ साली एअर डेक्कन, २००५ साली किंगफिशर, २००६ साली इंडिगो. यांतल्या बहुतेक कंपन्या आज राहिलेल्या नाहीत. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेटचे उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये थांबले. कंपन्या आल्या आणि गेल्या, पण त्यांच्यासाठी मुले घडवणारे वर्ग मात्र अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रुजले ते रुजलेच.

या वर्गांत मुलाखतीची तयारी हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग असतो. स्वतःचा परिचय दीड मिनिटात कसा द्यावा, गटचर्चेत दुसऱ्याचे बोलणे न तोडता आपले कसे घुसवावे, केसांचा अंबाडा कसा बांधावा, ओठांना कोणती छटा शोभेल. एका वर्गाच्या भिंतीवर मी नीरजा भनोत यांचे छायाचित्र पाहिले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहृत विमानातल्या प्रवाशांना वाचवताना त्यांना मरण आले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या छायाचित्राखाली त्या दिवशी पाठ चालला होता तो हसताना किती दात दिसावेत याचा.

मी उपहास करत नाही. नीटनेटकेपणा हाही कामाचा भाग आहे. आणि दोष एकट्या वर्गचालकांचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. मराठी वृत्तपत्रांनी या पेशाला नाव दिले ते 'हवाई सुंदरी'. १९३० साली अमेरिकेत विमानात नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्रिया प्रशिक्षित परिचारिका होत्या, प्रवाशांची प्रकृती सांभाळण्यासाठी घेतलेल्या. 'परिचारिका' हा शब्द आपल्याजवळ असूनही आपण 'सुंदरी' निवडला. ज्या कामाचे नावच रूपावर बेतलेले, त्याची भाषाही शोभेची वस्तू व्हावी यात नवल ते काय?

आता वहीकडे वळतो. ऱ्हस्व-दीर्घाचा तिचा प्रश्न तिला वाटला त्याहून खोल होता. तिच्या वहीत एक वाक्य होते, 'प्लीज सिट इन युवर सीट.' तिने दोन्ही शब्द एकसारखे, दीर्घच लिहिले होते आणि उच्चारतही तसेच होती. ही तिची चूक म्हणावी तर ती आपल्या सर्वांची आहे. मराठी लेखनात आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना ते भेद पुसट होतात. शब्दाच्या शेवटचा इकार आपण लांबवतो, मधला आखडतो, आणि त्यामुळे अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत तो बदलतो. शिवाय तिथला फरक नुसत्या लांबीचा नाही, जीभ ताणली जाते की सैल राहते याचाही आहे. हे मराठीतून सांगितल्यावर तिला दहा मिनिटांत कळले. वर्गात तिला महिनाभर 'अ‍ॅक्सेंट सुधारा' एवढेच सांगितले जात होते.

उलट तिची देवनागरी तिला किती ठिकाणी मदत करत होती, हे कुणी तिला सांगितलेच नव्हते. 'लाईफ व्हेस्ट' हे तिने 'व्ह' घालून लिहिले होते आणि 'वॉटर' नुसत्या 'व'ने. इंग्रजीतल्या या दोन ध्वनींची गल्लत आपल्या देशात सर्रास होते, पण मराठी लेखनाने 'व्हॅन' आणि 'वॉर्ड' यांत कधीचाच फरक केला आहे. 'झोन'साठी लागणाऱ्या ध्वनीच्या जवळ जाणारा 'जहाज'मधला दंत्य ज आपल्याजवळ आहे. 'बॅग'मधला ॲ आणि 'ऑक्सिजन'मधला ऑ यांसाठी आपण चिन्हे केली आहेत. म्हणजे जी वही लपवावी असे तिला वाटू लागले होते, ती उत्तम ध्वनिलेखनाची वही होती. उणीव होती ती शब्दातल्या आघाताची, कारण मराठीत आघाताने अर्थ ठरत नाही. तिने लाल रेघा मारून तीही भरून काढायला सुरुवात केली होती. अध्यापकाला याहून हुशार विद्यार्थी कुठे मिळणार?

उच्चार शेवटी सरावाने सुटतात. अवघड आहे ती अदब. वर्गात तिच्यावर दुसरा ठपका होता तो उद्धटपणाचा. सरावात प्रवाशाला ती म्हणाली होती, 'सर, सिट डाऊन.' प्रशिक्षकांनी तिला शिष्टाचारावर व्याख्यान दिले. वस्तुतः ती मनातल्या मनात 'बसा' म्हणत होती. मराठीत 'बसा' या क्रियापदाच्या रूपातच आदर भरलेला आहे. 'बस', 'बसा', 'बसावे', 'बसता का जरा' अशा पायऱ्यांवरून आपण माणसामाणसातले अंतर मोजतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. राजा असो की रंक, रूप तेच. म्हणून ती भाषा अदब क्रियापदाबाहेर ठेवते, 'प्लीज' लावते, 'वुड यू माइंड' अशी लांबची वाट धरते. आपल्याकडे 'प्लीज'ला रोजच्या बोलण्यातला सरळ प्रतिशब्द नाही. 'कृपया' हा फलकावरचा शब्द आहे, घरात तो कुणी वापरत नाही. मग 'बसा'चे भाषांतर करताना मुलीचा आदर वाटेतच सांडतो. दोष तिच्या वागण्यात नाही, दोन व्याकरणांच्या मधल्या फटीत आहे. ती फट दाखवायची तर शिकवणाऱ्याला दोन्ही काठ ठाऊक हवेत.

इथपर्यंत अदबीचे झाले. पण सगळा अभ्यास अदबीवरच थांबतो, ही माझी खरी तक्रार आहे. आपल्या देशातल्या नियमानुसार विमानातल्या दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू सदस्य असावा लागतो. हे प्रमाण चहा वाटण्याच्या सोयीसाठी ठरवलेले नाही. निम्मी दारे बंद आहेत असे धरून सगळे विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, अशी प्रवासी विमानाला मान्यता देतानाची कसोटी असते. त्या नव्वद सेकंदांत 'वुड यू माइंड'ला जागा नाही. तिथे शुद्ध आज्ञार्थ लागतो. उठा. सामान सोडा. इकडे या. उडी मारा. दोन-तीन शब्दांची वाक्ये, चढ्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जण मृत्यू पावले, पण प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. आठपैकी तीनच दारे वापरता येत होती आणि उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. कर्णा आणि स्वतःचा गळा, एवढ्यावर त्या चमूने माणसे बाहेर काढली. तिथे भाषेचे खरे काम काय असते ते जगाने पाहिले.

उलट उदाहरणही आहे, ते वैमानिकांचे असले तरी इथे लागू पडते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि ७३ माणसे गेली. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितले होते, पण 'इमर्जन्सी' हा एक शब्द उच्चारला नव्हता. पुढे २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीसाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी लागू केली. त्या मोजपट्टीत उच्चाराकडून अपेक्षा आहे ती ऐकणाऱ्याला कळण्याची. तो कुठल्या देशाचा वाटावा, अशी अट तिथे नाही. केबिन क्रू या मोजपट्टीच्या बाहेर आहेत, आणि मग त्यांच्या इंग्रजीचे माप मुलाखत घेणाऱ्याच्या आवडीनिवडीवर उरते.

आज्ञेनंतर येतो नकार. प्रवाशाने अंगचटीला येणे, जादा मद्य मागणे, मोबाइलने चित्रण करणे, या प्रसंगी काय बोलावे? वर्गात उत्तर मिळते, हसून विषय बदला. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी डेल्टा कंपनीतल्या परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली एक विचार मांडला. या कामात हसू हाही श्रम आहे आणि पगार त्याचाही दिला जातो. हा विचार आपल्या वर्गांत पोचला असता, तर हसू कुठे थांबवायचे हेही शिकवले गेले असते. 'नो' हा शब्द इंग्रजीत सर्वात सोपा, आणि अभ्यासक्रमात सर्वात दुर्मीळ.

हक्काचे इंग्रजी तर सोडाच. एअर इंडियाच्या परिचारिकांना एकेकाळी असा नियम होता की वयाची पस्तिशी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न किंवा पहिले गरोदरपण, यांतले जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपेल. पुरुष सहकाऱ्यांना ही अट नव्हती. नर्गेश मिर्झा आणि इतर परिचारिका न्यायालयात गेल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, जरी चार वर्षांच्या लग्नबंदीची अट कायम ठेवली. त्या नियमावलीची भाषाही इंग्रजीच होती. ती वाचून 'हे आम्हांला मान्य नाही' असे तिच्याच भाषेत लिहिणाऱ्या स्त्रिया याच पेशातल्या होत्या.

ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १९०० जणांना कमी करण्याचे ठरवले, तेव्हा गणवेशातली मुलेमुली विमानतळाबाहेर रस्त्यावर आली आणि त्यांतली काही राज ठाकरे यांच्याकडे मदत मागायला गेली. त्यात मराठी नसलेलेही पुष्कळ होते. कंपनीने लगेचच निर्णय फिरवला. त्या घटनेचा राजकीय अर्थ ज्याने त्याने लावावा. मला आठवते ते एवढेच की ज्यांच्या तोंडी दिवसरात्र निर्दोष इंग्रजी उद्घोषणा होत्या, त्यांना आपल्याच नेमणूकपत्रातल्या इंग्रजीपुढे उभे राहताना दुसऱ्याचा आवाज उसना घ्यावा लागला.

यावर एक आक्षेप येईल, तो मीच नोंदवते. मराठीच्या अध्यापकांना दुसरे काय सुचणार, मराठीचे तास कमी होत आहेत म्हणून हे इंग्रजीच्या वर्गातही मराठी घुसवतात. मुलांना नोकरी हवी आहे, व्याकरणाची चर्चा नको. या आक्षेपात तथ्य आहे. असल्फ्याच्या घरात पगार येणार असेल, तर त्यापुढे माझ्या विषयाचा अभिमान थिटा आहे. चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाणारे ते वाघिणीचे दूध आता चैन राहिलेली नाही, ते रेशनचे धान्य झाले आहे आणि ते सर्वांना मिळालेच पाहिजे. पण मग दुसरा प्रश्न विचारावा लागतो. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. ही मुलगी बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकून माझ्यासमोर बसली होती. बारा वर्षांत जे झाले नाही ते अंधेरीच्या वर्गात सहा महिन्यांत होईल, असे मानायचे आणि ते झाले नाही की खापर मराठीवर फोडायचे, हे व्यवहारालाही धरून नाही.

आणि व्यवहारच पाहायचा तर विमानातला प्रवासीही बदलला आहे. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. अशा मार्गांवर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे येतात. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने विमानतळांवरच्या उद्घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी आणि इंग्रजीत कराव्यात, असे सांगितले. घाबरलेल्या म्हातारीला 'मॅम' म्हणून पट्टा बांधायला सांगणे आणि 'आजी, थांबा, मी लावून देते' म्हणणे, यांत दुसरे वाक्य अधिक लवकर काम करते. ते तिला येते, ते जगातल्या कुठल्याही वर्गात शिकवले जात नाही, आणि त्याची मुलाखतीत कुणी नोंद घेत नाही.

म्हणून सूचना साध्या आहेत. उपनगरातल्या महाविद्यालयांनी इंग्रजी आणि मराठी विभागांना एकत्र बसवून असा एक लहान अभ्यासक्रम करावा. त्यात उद्घोषणांबरोबर आज्ञा असाव्यात, विनंतीबरोबर नकार असावा, आणि शेवटचे काही तास एखादे नेमणूकपत्र, एखादा बाँड आणि एखादा तक्रार अर्ज वाचण्या-लिहिण्याला द्यावेत. शिकवताना मराठी वापरायला लाजू नये. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे आम्ही महाविद्यालयांतून केले. या मुलीच्या वहीला जर आमच्या विभागात जागा नसेल, तर तो दर्जा नेमका कुणाच्या उपयोगाचा, हे आम्हीच एकदा ठरवावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. पहिल्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही. काही महिन्यांनी विमानतळावर जमिनीवरच्या कामासाठी तिला घेतले गेले. नेमणूकपत्र घेऊन ती पुन्हा माझ्याकडे आली. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास काय भरून द्यावे लागेल, याबद्दलचे एक वाक्य त्यात होते. ते वाक्य सहा ओळींचे होते. आम्ही दोघी तासभर त्यावर बसलो. शेवटी मी इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांना बोलावले आणि तिघांनी मिळून त्याचे मराठी केले. "म्हणजे मी नाही म्हणू शकत नाही, असंच ना मॅडम?" तिने विचारले. मी म्हटले, "विचारू शकतेस, अगं. मुदत कमी करता का, एवढं तरी विचार."

तिने विचारले की नाही, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिने सही करून पत्र दिले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.